मागचा डावा दिवा

"खरं सांगू का वहिनी, हा दिवा तेवढा तुम्हाला दाखवू नकोस, असं काका म्हणाले होते."

तात्यांच्या पुतण्याने हे सांगितलं तेव्हा वहिनींनी ट्रकच्या मागच्या डाव्या दिव्याचा एक स्क्रू काढला होता आणि दुसऱ्याला स्क्रूड्रायव्हर लावला होता. हात तिथेच थांबला.

"असं म्हणाले तात्या?"

"म्हणजे तसं नाही हो. बाकी सगळं काम वहिनींकडेच कर, म्हणाले. फक्त हा दिवा पुढच्या वायरिंगवाल्याकडे ने. मी गेलो होतो, पण त्याच्या दुकानाला कुलूप. उद्या सकाळी आरटीओत गाडीचं पासिंग आहे. मग म्हटलं, वहिनी काय परक्या आहेत का! तुम्ही मात्र काकांना सांगू नका हं."

पुतण्याच्या पोटात काही राहत नसे. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, पण सांगू नको म्हटलेली गोष्ट तो आधी सांगे आणि ती सांगू नको म्हटलं होतं हे नंतर सांगे. गेल्या सहा महिन्यांपासून तात्यांचा ट्रक तो चालवत होता. साखरेच्या आजाराने तात्यांचे डोळे गेले आणि चाळीस वर्षांचं स्टिअरिंग त्यांनी त्याच्या हाती दिलं. गाडी हाती आली तशी त्याने ती नवरीसारखी नटवली. गेल्या आठवड्यात तर सगळ्या ट्रकला स्वतःच्या हाताने रंग दिला. माल भरायचा हौदा, त्याचा मागे उघडणारा फाळका, कड्या, बिजागऱ्या, ब्रशला जे जे लागलं ते ते रंगवून मोकळा झाला.

 दुसरा स्क्रू काढून वहिनींनी लाल काच उतरवली आणि पदराला पुसून बाजूला ठेवली.

ट्रक उभे राहतात त्या मोकळ्या जागेच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. आत एक बाकडं, बॅटरी चार्ज करायचं यंत्र, खिळ्यांना अडकवलेली वायरींची भेंडोळी, आणि डब्यांवर डबे. फ्यूजचा डबा, बल्बचा डबा, होल्डरचा डबा. दुकान मूळचं त्यांच्या नवऱ्याचं. त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून या वहिनी. दादा गेले त्याला अकरा वर्षं झाली. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारी माणूस नाही. मागे राहिली एक शाळेत जाणारी मुलगी, हे दुकान आणि दुकानात काय करायचं हे धड न कळणारी बायको.

अगदीच काही कळत नव्हतं असंही नाही. लग्न झाल्यापासून त्या दादांच्या हाताखाली होत्या. पण त्यांची जागा कायम केबिनमध्ये. दादा गाडीच्या मागे जाऊन ओरडायचे, "ब्रेक दाब!" की या ब्रेक दाबायच्या. "इंडिकेटर लाव!" की इंडिकेटर लावायच्या. फ्यूज कुठला, बटण कुठलं, कुठली वायर कुठल्या रंगाची, हे त्यांना तोंडपाठ होतं. मात्र गाडीच्या मागे दादा नेमकं काय करतात, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? पाय ब्रेकवर होता.

दादांच्या मागे महिनाभर दुकान बंद राहिलं. मग मनाचा हिय्या करून त्यांनी ते उघडलं. आठ दिवस एक गाडी आली नाही. ड्रायव्हर लोक यायचे, विचारपूस करायचे, डोळे पुसायचे आणि गाडी दुसरीकडे न्यायचे. त्यांचा तरी काय दोष? बाईमाणसाच्या हातात आपल्या गाडीची वायरिंग द्यायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. नवव्या दिवशी तात्या आले. भिंतीला घासून त्यांच्या गाडीचा मागचा डावा दिवा फुटला होता.

"वहिनी, दिवा बसवायचाय," ते म्हणाले, जणू काही दादाच समोर बसलेत.

ते वहिनींचं पहिलं काम. अर्ध्या तासाच्या कामाला त्यांनी अख्खी सकाळ घेतली. दिवा लागला तेव्हा तात्या मागे जाऊन बघून आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा! दादांचा हात आहे!" दोन दिवसांनी दुसरी गाडी आली, मग तिसरी. जो तो हेच म्हणायचा, तात्यांनी पाठवलंय. मुलगी शाळेतून थेट दुकानात यायची, बाकड्याच्या टोकाला बसून अभ्यास करायची. आज ती दुसऱ्या गावात मुलांना गणित शिकवते आणि रोज संध्याकाळी आईला फोन करते.

म्हणून या दिव्याचा वहिनींना केवढा अभिमान! नवीन गिऱ्हाईक जरा का-कू करायला लागलं आणि तात्यांचा ट्रक आसपास असला, तर त्या बोट दाखवायच्या. "तो डावा दिवा दिसतो? माझं पहिलं काम. इतकी वर्षं झाली, पुन्हा हात लावावा लागला नाही." गिऱ्हाईक गाडीची किल्ली पुढे करायचं.

आणि आता तात्या म्हणतात, हाच दिवा वहिनींना दाखवू नकोस.

"लाव बघू," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी नेहमीसारखाच ठेवला होता.

पुतण्याने केबिनमध्ये जाऊन बटण दाबलं. उजवा दिवा लालबुंद लागला. डावा नुसता मिणमिणत होता. काच नसल्यामुळे आतली तार दिसत होती, विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढी लाल.

शेजारचा टायरवाला चाक सोडून बघायला आला. त्याला कुणाचंही काम बघायला आवडे, स्वतःचं सोडून. "बल्ब गेला असेल," तो म्हणाला.

"गेलेला बल्ब लागत नाही," वहिनी म्हणाल्या, "हा लागतोय."

तरी त्यांनी बल्ब बदलून बघितला. नवाही तसाच. होल्डर घासून साफ केला, पुन्हा तेच. मग त्यांनी त्यांचा नेहमीचा टेस्टिंगचा बल्ब काढला. साधा बल्ब, त्याला दोन वायरी. एक टोक होल्डरमध्ये येणाऱ्या वायरीला लावलं आणि दुसरं खाली वाकून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकवलं. बल्ब फटकन लागला, डोळे दिपतील असा.

"करंट तर येतोय की!" टायरवाला म्हणाला.

"येतोय. परत जात नाहीये."

हे एवढं वहिनींना आता झोपेतही कळायचं. दिव्यापर्यंत करंट वायरीने येतो आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत जातो. ती परतीची वाट म्हणजे अर्थिंग. वाट मोकळी असली की दिवा लख्ख लागतो, अडली की मिणमिणतो. अंधूक दिव्यांच्या दहा तक्रारींत आठ वेळा अर्थिंगच निघतं. त्यांनी वायरीचा एक तुकडा घेऊन दिव्याचं लोखंडी घर थेट चासीला जोडून पाहिलं. दिवा एकदम भडकून लागला आणि पुतण्याने केबिनमधून "झालं का?" म्हणून हाक मारली.

"झालं कुठे! आत्ता कुठे सापडलंय."

आता अर्थिंगची वायर कुठे जाते ते बघायचं. हौद्याच्या मागच्या टोकाला आडवी लाकडी फळी होती. त्या फळीवर एक लोखंडी पट्टी, आणि पट्टीवर दिव्याचं घर. घरातून निघालेली काळी वायर पट्टीच्या मागे गेली होती. वहिनी गुडघ्यांवर बसल्या, मग पाठीवर आडव्या झाल्या, आणि टॉर्च धरून मान आत घातली.

वायर चासीपर्यंत गेलीच नव्हती. ती त्या पट्टीच्याच एका बोल्टला बांधली होती. आणि पट्टी बसली होती लाकडावर. लाकडातून करंट जाणार कसा? हे काम करणाऱ्याला एवढंही कळलं नव्हतं. बघितलं असेल लोखंड, दिली असेल वायर आवळून. शेवटाला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि ती सुटू नये म्हणून वरून दोरा बांधला होता. तपकिरी, शिवणाचा दोरा, तीन गाठी मारून.

असा दोरा कुठलाही वायरमन बांधत नाही. तो बांधते ती शिवणकामाचा डबा जवळ असलेली बाई, जिला चिकटपट्टीवर अजून भरवसा नसतो.

वहिनी कितीतरी वेळ गाडीखालून बाहेर आल्या नाहीत.

"वहिनी, काय सापडलं?" पुतण्या वाकून विचारत होता.

"अरे, मग हा आजवर लागत कसा होता?" त्या खालूनच म्हणाल्या. पुतण्यापेक्षा तो प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला होता. वाटच नाही, तर दिवा इतकी वर्षं लागला कसा? त्यांनी टॉर्च फिरवला. फाळक्याची साखळी खाली लोंबत होती आणि तिची एक कडी बरोबर पट्टीच्या कडेला टेकत होती. साखळीचं दुसरं टोक हौद्याच्या लोखंडी चौकटीत, चौकट चासीवर. म्हणजे करंट साखळीतून परत जात होता! आणि त्या साखळीवर पुतण्याने गेल्या आठवड्यात रंगाचे दोन हात चढवले होते.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कडीवरचा रंग खरवडला. खाली लोखंड लागेल असं वाटलं होतं. लागलं तांबं. वायरीतल्या तांब्याचा पातळ पापुद्रा कडीभोवती घट्ट गुंडाळलेला होता. तो उचकटला तर खाली आणखी एक, झिजलेला. त्याखाली तिसरा, हिरवा पडलेला. त्याखालीही एक होता. पट्टीच्या कडेला जिथे कडी टेकायची, तिथे कानशीने घासून खाच केलेली होती, कडी घसरू नये म्हणून.

हे काही आपोआप झालं नव्हतं. कुणीतरी वर्षानुवर्षं हे सांभाळलं होतं.

"तुझे काका या साखळीचं काही करायचे का रे?"

पुतण्या हसायला लागला. "अहो, वेड होतं त्यांना! जिथे गाडी थांबवतील तिथे आधी मागे जायचे. खिशात पॉलिश पेपरचा तुकडा कायम. साखळी घासायचे, कडी हलवून हलवून बसवायचे, दिवा बघायचे, मगच चहा. मी क्लीनर होतो तेव्हा, म्हणायचो, काका, मी करतो. तर म्हणायचे, तुझं काम नाही ते. गंज फार लागतो, असं सांगायचे. म्हणून तर मी यंदा रंगवूनच टाकली. म्हटलं, घासायची कटकटच नको."

वहिनी बाहेर आल्या. पाठीला माती, केसांत माती. टायरवाल्याने वाकून खाली बघितलं आणि तोंडाचा चंबू केला.

"फळीवर अर्थिंग? कुणी केलंय हो असलं अडाण्यासारखं काम?"

सांगायची काही गरज नव्हती. कुणी का असेना, म्हणून वेळ मारून नेता आली असती. पुतण्याला काही ठाऊक नव्हतं आणि टायरवाला पाच वर्षांपूर्वी इथे आलेला. वहिनींनी हात पुसले.

"मी," त्या म्हणाल्या. "पहिलं काम माझं."

टायरवाला काहीतरी गमतीचं बोलणार होता, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तो आपल्या चाकाकडे गेला.

मग वहिनींनी ते काम केलं. दोऱ्याच्या गाठी सोडवल्या. नवी वायर घेतली, तिच्या टोकाला बोल्टमध्ये बसणारी गोल कडी दाबून बसवली. चासीवरच्या एका बोल्टभोवतीचा रंग पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं, दिव्याची काच परत बसवली. दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांचंच काम होतं, तेव्हाही. पुतण्याने बटण दाबलं आणि डावा दिवा उजव्यासारखाच लागला, किंचित जास्तच, कारण बल्ब नवा होता.

"झालं ना? मग निघू मी?"

"थांब. मीही येते. तुझ्या काकांकडे जायचंय."

पुतण्याचं तोंड उतरलं. "वहिनी, मी म्हटलं होतं ना, सांगू नका..."

"तू गाडी काढ."

भर कामाच्या वेळी वहिनींनी दुकान बंद केलं आणि त्या केबिनमध्ये चढल्या. आजवर शेकडो ट्रकच्या केबिनमध्ये त्या बसल्या होत्या, पण चालत्या ट्रकमध्ये क्वचितच. उंचावरून रस्ता वेगळाच दिसत होता. रस्ताभर त्यांना एकच वाटत होतं, आपण लोकांना बोट दाखवून तो दिवा दाखवायचो तेव्हा हा माणूस शेजारी उभा राहून काय विचार करत असेल? लाज वाटत होती, फार वाटत होती. आणि लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, त्याने डोळे भरून येत होते.

तात्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. ट्रक वळला तसे ते उठून उभे राहिले. आपल्या गाडीचा आवाज ओळखायला त्यांना डोळे लागत नव्हते.

"दिवा झाला का रे?"

"झाला," पुतण्या म्हणाला, आणि जास्त काही न बोलता इंजिन बंद करून केबिनमध्येच बसून राहिला. हे त्याला कधी नव्हे ते सुचलं.

"कुणी केला?"

"मी केला, तात्या," वहिनी म्हणाल्या.

तात्या पुन्हा खुर्चीत बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "गाढव आहे हा. एक गोष्ट सांगितली होती."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्याच दिवशी. माल उतरवायला फाळका उघडला, तर दिवा बंद. फाळका लावला की चालू! मला वाटलं, भूतबीत लागलं गाडीला." ते हसले. "मग बघितलं खाली. दोरा दिसला."

"मग परत का नाही आलात? मला सांगायचं होतंत."

"आलो होतो की! सांगायलाच आलो होतो. तर दुकानापुढे दोन गाड्या उभ्या. मीच पाठवलेल्या. तुम्ही एकीच्या खाली होतात, आणि पोरगी बाहेर उभी राहून तुम्हाला पाना देत होती. आता त्या दोघांसमोर काय म्हणू? वहिनी, तुमचं काम चुकलंय? ते तिथूनच गाड्या वळवून गेले असते. गेलो तसाच. म्हटलं, चार दिवसांनी सांगू."

"चार दिवसांनी?"

"चार दिवसांनी तुम्ही मला सांगितलंत, तात्या, तुमच्यामुळे दुकान चाललं." तात्यांनी मान हलवली. "मग काय सांगणार, कपाळ? पुढे तुमचं काम असं झालं की दादांपेक्षा चोख. खोटं नाही सांगत. गाडीचं बाकी सगळं तुमच्याच हातचं आहे. मग तर सांगायची सोयच राहिली नाही. म्हणाल, हा माणूस इतकी वर्षं खोटं बोलत होता. एक मात्र खरं वहिनी, दिवा बंद ठेवून कधी गाडी हाकली नाही. दर थांब्याला बघायचो."

"माहीत आहे. पुतण्या म्हणाला."

"त्याला वाटतं, मला गंजाचं वेड आहे."

"तात्या," वहिनी म्हणाल्या, "त्या आठ दिवसांत मी दुकान विकायचं ठरवलं होतं. तुमच्यानंतर दुसरी गाडी आली नसती, किंवा तुम्ही चारचौघांत चूक काढली असती, तर मी पुन्हा दार उघडलं नसतं. आज मी जी काही आहे, माझी पोरगी जी काही आहे, ती तुमच्यामुळे. तुमच्या शब्दामुळे, असं मी सगळ्यांना सांगायचे. मला काय ठाऊक, तुम्ही शब्द टाकून घरी गेला नव्हतात. इतकी वर्षं रोज मागे उतरून तो शब्द घासत होतात."

तात्यांनी हवेत हात झटकला, नको नको म्हणाल्यासारखा. "दादांनी माझी गाडी भर उन्हात रस्त्यावर झोपून दुरुस्त केलीय कितीदा. एक साखळी घासली तर काय हात झिजला माझा?" मग म्हणाले, "आता चासीला दिलंय ना अर्थिंग?"

"चासीला. घासून, बोल्ट आवळून, ग्रीस लावून."

"आणि दोरा?"

"नाही लावला."

"अरेरे," तात्या म्हणाले, आणि दोघंही हसली.

"येता का मागे? बघा एकदा," वहिनींच्या तोंडून गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

"चला, बघतो की," तात्या म्हणाले आणि उठले.

वहिनींनी पुतण्याला दिवा लावायला सांगितलं आणि तात्यांचा हात धरून त्यांना गाडीच्या मागे नेलं. आपली गाडी किती लांब, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. बरोबर डाव्या कोपऱ्याशी ते थांबले. दुपारचं ऊन ट्रकच्या पुढच्या बाजूला होतं, मागे सावली होती आणि सावलीत दोन्ही दिवे सारखे लाल दिसत होते. वहिनींनी तात्यांचं मनगट धरलं आणि त्यांचा पंजा डाव्या दिव्याच्या काचेवर ठेवला.

 तात्या मान जराशी कलती करून उभे राहिले. मग त्यांनी बोटं पसरून अख्खी काच तळव्याखाली घेतली.

"तापायला लागलाय," ते म्हणाले.

"हो."

"हा कधी तापायचा नाही, वहिनी."

वहिनींनी त्यांचं मनगट सोडलं. तात्यांचा हात तिथेच होता.

"बंद करू का?" पुतण्याने केबिनमधून विचारलं.

"राहू दे जरा," वहिनी म्हणाल्या, आणि पदर सावरून तात्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.